तेराच्या चौकोनातली फुली

इकडे ये गं, अशी जवळ बस. तुझी ही नेहमीची सवय, दारातूनच 'काकू, बऱ्या आहात ना?' विचारायचं आणि उत्तर ऐकायच्या आत पायात चपला. आज नाही सोडायची. आज जे सांगणार आहे ते मी सव्वीस वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही. देवासमोर बसले तरी तेवढं वगळून बाकीचं सगळं सांगायची. देवाला काय, ठाऊक असणारच. पण आपण तोंडाने बोललो नाही म्हणजे ते घडलंच नाही, असं वाटतं ना आपल्याला? मला तरी वाटायचं.

आणि हसू नकोस — गोष्ट रग्बीची आहे.

मला रग्बीतलं काय कळतं? ज्या खेळाचा चेंडूसुद्धा धड गोल नाही, तो खेळ काय म्हणायचा! पण आमचे हे मुंबईत मरीन इंजिनियरिंग शिकत होते तेव्हा कुणीतरी तो चेंडू ह्यांच्या हातात दिला आणि मग तो सुटलाच नाही. लग्न होऊन आम्ही सिंगापूरला आलो, हौगांगला फ्लॅट घेतला. हे सहा महिने जहाजावर, चार महिने घरी. घरी म्हणजे काय — शनिवार उजाडला की मैदानावर! एक छोटासा क्लब होता. चिनी, मलाय, तमिळ, चार-दोन गोरे, आणि पटवर्धन हे नाव कुणाच्या जिभेवर बसेना म्हणून 'पॅट' झालेले आमचे हे.

हे 'प्रॉप' होते. म्हणजे स्क्रममध्ये अगदी पुढच्या रांगेत. स्क्रम म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ पुरुष बैलांनी शिंगं भिडवावीत तसे डोकी-खांदे भिडवून एकमेकांना रेटतात. ह्यांच्या मागे खांदा लावून रेटायचा तो इस्माईल. आमच्याच ब्लॉकमध्ये तीन मजले खाली राहायचा. मी मैदानाच्या कडेला पदर तोंडाशी धरून उभी असले की इथल्या लोकांसारखं वाक्यामागे 'लाह' जोडून ओरडायचा, "सिस्टर, पॅटची मान माझ्याकडे. डोंट वरी लाह!" त्याची बायको रोकिया आणि मी एकाच बसने लिटिल इंडियात जायचो. मला कढीपत्ता हवा असायचा, तिला वेलची. माझं मराठी इंग्रजी, तिचं मलाय इंग्रजी, तरी बस हौगांगला परत येईपर्यंत आमच्या गप्पा संपत नसत.

बघ, मी फिरवून फिरवून सांगतेय. सांगायचं असतं त्याच्याभोवतीच माणूस चकरा मारतं, नाही का?

नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. क्लबला माणसं पुरेनात. कुणी नोकरीच्या पाळीवर, कुणी लष्करी सेवेत, कुणी आमच्या ह्यांच्यासारखे समुद्रावर. शनिवारी पंधरा जण जमायची मारामार. तेव्हा क्लबातल्या एका ऑस्ट्रेलियन माणसाने टूम काढली. म्हणे हे 'युनियन' रग्बी सोडा, 'लीग' खेळू. लीगला तेराच माणसं लागतात, खेळ भरभर चालतो, आणि स्क्रमही नावापुरता, त्यात कुणी जोर लावत नाही. त्याच्याकडच्या टीम इथे दौऱ्यावर येतील म्हणाला.

झालं! क्लबचे दोन तट पडले. जुने म्हणायचे, अरे, ह्या बेटावर दुसरं कोण लीग खेळतंय? आपण तेरा जण काय आरशाशी खेळायचं? इस्माईल तर स्वच्छ म्हणाला, "हा क्लब लीगकडे गेला तर वर्षभरात मोडेल." आमच्याच टेबलापाशी बसून, माझ्या हातचे पोहे खात म्हणाला. ते वाक्य मी नीट ऐकलं. ध्यानात ठेव.

मतदान ठरलं ते हे बोटीवर गेल्यानंतरच्या तारखेला. क्लबात बोटीवरचे पाच-सहा जण, म्हणून त्यांची जुनी पद्धत होती. मताची चिठ्ठी घरी पोस्टाने यायची, बायकोने ती बंद पाकिटातून क्लबमध्ये पोचवायची. ह्यांनी कुठल्याशा बंदरातून फोन केला. रांगेत उभं राहून, घाईघाईने. "पंधरावर फुली मार, पाकीट चिकटव, नेऊन दे. आपले बरोबर एकोणीस आहेत, त्यांचे अठरा. विसरू नकोस."

मी विसरले नाही. चिठ्ठी समोर ठेवली. दोन चौकोन होते. एकापुढे पंधरा, म्हणजे जुना खेळ; एकापुढे तेरा, म्हणजे लीग.

मी तेराच्या चौकोनात फुली मारली.

हं. झालं सांगून. पाणी दे गं जरा.

आता म्हणशील, का? कितीतरी वर्षं मी माझं मलाच सांगत होते — ह्यांच्या मानेसाठी. त्याआधी एकदा स्क्रम कोसळला होता, समोरच्या टीमच्या माणसाला फळीवर घालून नेलेलं मी पाहिलं होतं. लीगमध्ये स्क्रमला जोर नाही, म्हणजे मान शाबूत. किती छान कारण, नाही? कुणाही बाईचं मन विरघळेल. पण खरं सांगू? ते कारण मला फुली मारल्यानंतर सुचलं. बसमध्ये, पाकीट मांडीवर ठेवून जाताना. फुली मारताना माझ्या डोक्यात मान नव्हती. इस्माईलचं ते वाक्य होतं, वर्षभरात मोडेल. मोडू दे, म्हटलं. मला तो क्लब मोडायलाच हवा होता. चार महिन्यांसाठी माझा नवरा घरी येतो आणि मला मिळतं काय, तर चिखलाचे मोजे! मला ते शनिवार हवे होते. सरळ मागायची हिंमत नव्हती, म्हणून चोरले.

एका मताने लीग जिंकली. एकोणीस विरुद्ध अठरा, फक्त उलटे.

तीन महिन्यांनी हे घरी आले. बॅगसुद्धा उघडली नाही, कागद घेऊन बसले. कुणी कशाला मत दिलं ते एकेक नाव लिहून काढलं. मतदानाच्या दिवशी आपल्या बाजूच्या लोकांनी चिठ्ठ्या एकमेकांना दाखवूनच पेटीत टाकल्या होत्या. दाखवली नव्हती फक्त दोघांनी. एक ह्यांचं बंद पाकीट, बोटीवरचे आपल्या बाजूचे बाकीचे तेव्हा घरीच होते. दुसरा इस्माईल. कामावरून उशिरा धावत आला होता आणि तसाच चिठ्ठी टाकून मोकळा झाला होता. आणि मधल्या काळात लीगवाल्यांनी त्यालाच कोच केलं होतं. पोरं पांगू नयेत म्हणून त्याने ते पत्करलं होतं. पण हे कोण ऐकून घेणार?

"इस्माईल फिरला," हे म्हणाले. मी पोळ्या लाटत होते. मी गॅस बारीक केला, आणि लाटत राहिले. त्या क्षणी बोलायचं होतं ना? एवढंच म्हणायचं होतं, 'अहो, ते पाकीट...' पण पोळीची कड जाड राहत होती, तीच मी सारखी करत बसले.

दुसऱ्या दिवशी लिफ्टपाशी ह्यांनी त्याला गाठलं. "कोच व्हायचं होतं तर सांगायचंस की! मी स्वतः तुला मत दिलं असतं. चोरून कशाला?" चार शेजारी ऐकत होते. इस्माईल ह्यांच्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ओके, पॅट." एवढंच. मी हातात भाजीची पिशवी घेऊन ह्यांच्या मागे उभी.

आणि तिथे तरी थांबावं की नाही मी? नाही. त्या वर्षीच्या हरी राया ईदला रोकियाने नेहमीसारखा खाऊचा डबा पाठवला. हे म्हणाले, परत दे. मी तीन मजले उतरले आणि तिच्या दारात तो डबा परत दिला. उघडलासुद्धा नाही. तिने डबा घेतला. तिची चूक नाही, त्याची नाही, हे त्या ब्लॉकमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं आणि तेच माणूस डबा परत करत होतं. फुलीपेक्षा हे वाईट. फुली एका झटक्यात मारली गेली. पण डबा? तीन मजले उतरेपर्यंत विचार करायला वेळ होता मला.

क्लब वर्षभरातच मोडला. इस्माईलचं खरं ठरलं. एक टीम दौऱ्यावर आली, दुसरी आलीच नाही, पोरं दुसऱ्या क्लबांत गेली. इस्माईलने फ्लॅट विकला, दुसऱ्या वस्तीत, टॅम्पनीसला राहायला गेला. आणि मला माझे शनिवार मिळाले. हे खिडकीशी बसायचे, वर्तमानपत्र उघडून, पान न उलटता. घे, मिळाला तुला नवरा.

गेल्या महिन्यात मी सांगितलं. असंच. दुपारचा चहा घेत होतो, हे साखर ढवळत होते. मी म्हटलं, "ते पाकीट. मी तेरावर फुली मारली होती." ह्यांनी चमचा बशीत ठेवला. कुठलं पाकीट, असं विचारलंसुद्धा नाही बघ! म्हणाले, "चार माणसांत बोललो मी त्याला." माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. उठले, शर्ट बदलला, म्हणाले, "चल."

टॅम्पनीसला इस्माईलनेच दार उघडलं. केस पांढरे, गुडघ्याला पट्टा. मी उंबऱ्यातच सगळं बोलून टाकलं, आत गेले असते तर धीर झाला नसता. तो ऐकत राहिला आणि मग काय केलं असेल? हसायला लागला. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाला, "आय ऑल्सो काउंट, पॅट! मी पंधरावरच फुली मारली होती. मग राहिला कोण? तू! मला वाटलं, तुझी मान दुखत असेल, बोलायला लाजत असशील. म्हणून मी गप्प बसलो लाह."

सव्वीस वर्षं तो आपल्या मित्राची लाज झाकत होता. आणि तिसरं माणूस कुणाच्या मोजणीतच नव्हतं. बायको काय, पाकीट पोचवते!

दोघे म्हातारे एकमेकांचे खांदे धरून हसत होते. रोकिया नाही हसली. तिने चहा आणून ठेवला, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "त्या डब्यातलं मी तुझ्यासाठी वेगळं केलं होतं. अंडं न घालता."

मी सॉरी म्हटलं. तिने मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही. तिच्या मनात जे असेल ते तिचं.

पण तुला सांगते, परत येताना बसमध्ये मला झोप लागली. बसमध्ये, भर दुपारी, तोंड उघडं टाकून! ह्यांनी आमचा स्टॉप आल्यावर हलवलं. इतकं हलकं मला किती वर्षांत वाटलं नव्हतं. चूक आहे तिथेच आहे, तिला काही झालेलं नाही. फक्त ती आता माझ्या एकटीजवळ नाही.

तू मला काही म्हणावंस म्हणून नाही सांगितलं. बरी म्हण, वाईट म्हण. पण अशी दारातून पळू नकोस बाई. गणपतीच्या आधी एकदा निवांत ये, जेवायलाच ये.