पेरोलाचा नवा कण

जुरा डोंगराच्या पायथ्याशी, जमिनीखालच्या बोगद्यात प्रोटॉनांच्या टकरी सेकंदाला कोट्यवधी होतात. सगळ्या जपून ठेवायच्या म्हटलं तर जगातले संगणक पुरायचे नाहीत. म्हणून ट्रिगर नावाची यंत्रणा जागच्या जागी निकाल देते: ही टक्कर ठेवा, ती फेका. ट्रिगरने काय ठेवलं आणि त्यातून काय समजायचं, हे सांगणं गाएताँ पेरोलाचं काम.

खरं तर दुसऱ्यांच्या उत्साहावर विरजण घालणं हेच त्याचं काम झालं होतं. कुणी आलेख नाचवत आलं की चष्मा कपाळावर चढवून तो म्हणायचा, "छान. आता ट्रिगरला विचारून या."

त्या सोमवारी मात्र पडद्यावर म्युऑन नावाच्या कणांच्या जोड्या अचानक दहापट दिसल्या, तेही नेमक्या त्याच जागी, जिथे एखादा नवा कण असावा असं गाएताँ कित्येक वर्षं मनातल्या मनात म्हणत होता. कुणाला काही न विचारता त्याने घरी फोन लावला.

"सोलांज, कुणाला सांगू नकोस हं."

"मी कशाला सांगेन?" बायको म्हणाली, आणि तिने फक्त बहिणीला सांगितलं.

संध्याकाळी बाजारात चीजवाल्याने रब्लोशाँ चीजचा अख्खा गोळा गाएताँच्या हातात कोंबला. "पैसे? तुमच्याकडून? लाजवू नका साहेब!"

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने आलेख ओर्नेलापुढे सरकवला. ही तोरिनोची बाई नियंत्रण कक्षाची पाळी सांभाळायची, आणि तिचा आवाज भिंती ओलांडून जायचा.

"एवढाच तुकडा बघितलास? आजूबाजूचं बघ की."

गाएताँने आजूबाजूचं काढलं. तिथेही दहापट. त्याच्या पुढे दहापट, मागे दहापट.

"निसर्ग एवढा उदार कधीपासून झाला रे?" ओर्नेला म्हणाली. "अरे, या जोड्या आपण दहातली एक ठेवायचो. सोमवारपासून सगळ्या ठेवतोय. सेटिंग बदललं ना!"

"कुणाच्या परवानगीने?"

"तुझ्या! शुक्रवारी इथंच, याच टेबलावर विचारलं. तू मान डोलावलीस."

"मी तार्तिफ्लेत खात होतो! चीजमधला गरम बटाटा होता तोंडात!"

"मग मला काय माहीत, मान माझ्यासाठी होती की बटाट्यासाठी?"

आसपासची टेबलं हसू लागली. वीस वर्षांत त्याने ज्यांना परत पाठवलं होतं, त्यांतले निम्मे तिथेच बसले होते. एकजण मुद्दाम चष्मा कपाळावर चढवून समोरून गेला.

गाएताँ घरी आला तर दारात गावचे मेयर, मस्यू व्हुआरें, बाटली घेऊन उभे. त्याने सगळं सांगितलं, दोनदा सांगितलं.

"म्हणजे काहीच सापडलं नाही?"

"नाही."

"अरेरे. मी वेशीवरची पाटी रंगवायला टाकलीय. 'येथे राहतात' इथपर्यंत झालीय."

सोलांज स्वयंपाकघरातून म्हणाली, "पुढे 'बरेच लोक' लिहा."

गाएताँला हसू फुटलं, आणि थांबेचना. कण नाही याचं दुःख होतंच; रात्री ते पुन्हा वर येणार हेही त्याला ठाऊक होतं. पण मेयरांनी बूच उडवलं होतं, सोलांजने बटाटे चिरून चीजच्या गोळ्याला सुरी लावली होती.

"मला एक सांगा," मेयर ग्लास भरत म्हणाले, "तुम्ही एवढ्या टकरी फेकता. त्यातच तो कण गेला नसेल कशावरून?"

गाएताँ हसायचा थांबला. नंतरचा तासभर तो मेयरांना ट्रिगर समजावत होता, आणि सोलांज फोनवर बहिणीची समजूत घालत होती. बहिणीने केस कापणाऱ्या बाईपर्यंत बातमी नेली होती, आणि आता तिला तिथे तोंड दाखवायला जागा उरली नव्हती.