गेममधले बिनपायाचे आम्ही

हिंगोलीत सायबर कॅफे नवे होते तेव्हा संगणकाला धूळ चालत नाही म्हणून चपला दाराबाहेर काढाव्या लागत. त्या दिवशी मी वडिलांच्या नव्या चपला न विचारता घालून गेलो होतो. संध्याकाळी त्याच घालून त्यांना ताईच्या सोयरिकीच्या बैठकीला शिरड शहापूरला जायचं होतं. त्यामुळे माझा अर्धा जीव दाराकडे.

गेममध्ये एका अरुंद फळीवरून चालायचं होतं. पडद्यावर नुसती बंदूक अन् दोन हात. खाली पाहिलं तर पायच नाहीत! मी सारखा खालच्या दरीत पडत राहिलो.

"पाय दाखवायला काय झालतं या गेमवाल्यायला?" मी कुरकुरलो.

"काहून? पाय पाहून चालतं का कुनी?" शेजारचा मित्र म्हणाला.

माणसाला स्वतःचे पाय दिसलेच पाहिजेत, असं त्याला तावातावानं ऐकवून मी उठलो, चपला पायात सरकवल्या आणि घराकडे पळालो.

वडील दारातच उभे. माझ्या पायात एक चप्पल त्यांची, दुसरी दिसायला तशीच, पण भलत्याच कुणाची, टाच झिजलेली.

"लेका, खाली पाहत जाय की जरा!"

एसटीची वेळ झाली होती. ते तीच जोडी घालून निघाले. सोयऱ्यांच्या दारातही चपला बाहेरच काढतात, एवढाच मला आधार होता.