गल्लीवरचं झाकण

आमच्या गल्लीतली सगळी झाडं ड्रायव्हरमामांनी लावलेली. ते आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. नोकरीभर बस चालवली आणि निवृत्त झाल्याबरोबर कुदळ घेऊन फुटपाथच्या कडेला खड्डे खणायला लागले. "जन्मभर लोकांच्या तोंडावर धूर सोडला, आता तो पिणारं काहीतरी लावतो," म्हणायचे. मामी दारातूनच टोमणा मारायच्या, "लावा, लावा. निदान त्यांच्याशी तरी दोन शब्द बोलाल."

तेव्हा गल्लीत बसकी घरं होती. झाडं वाढली, तशी घरंही वाढली. एकेक पाडून दोन्ही बाजूंना उंच इमारती आल्या, एकमेकींना अशा चिकटून की मधे फट म्हणून राहिली नाही. मग मोठ्या रस्त्यावरची गर्दी कमी करायची म्हणून बसगाड्या आमच्याकडे वळवल्या. आम्ही हरकत घेतली, पण कोणी दाद दिली नाही. तोवर वर दोन्ही कडांच्या फांद्या एकमेकींत गुंतल्या होत्या. ती सावली आम्ही पाहुण्यांना कौतुकाने दाखवायचो. मामांना तर आभाळ ठेंगणं झालं होतं.

माझ्या मुलीचा दमा याच घरात सुरू झाला. गाद्या बदलल्या, पडदे काढले, डॉक्टर बदलले. तिच्या छातीतून शिट्टी वाजू लागली की मी तिला खिडकीशी नेऊन झाडांकडे तोंड करून बसवायची.

मग कॉलेजातली एक मुलगी हवेतले बारीक कण मोजायला आली. डब्याएवढं एक यंत्र तिने झाडांखालच्या खांबाला बांधलं, एक गल्लीच्याच झाडं नसलेल्या टोकाला आणि एक पुढच्या मोकळ्या चौकात, जिथून त्याच बस जातात. काही आठवड्यांनी तिने आम्हाला खाली जिन्यापाशी जमवलं. चौकापेक्षा गल्लीतली हवा कितीतरी वाईट निघाली होती, आणि सगळ्यांत वाईट झाडांखालची.

"या उंच भिंतींमुळे वारा वरूनच निघून जातो," ती म्हणाली. "धूर आत गरगरत राहतो. त्यावर पानांचं झाकण बसलंय. मोकळ्या रस्त्यावर हीच झाडं उपयोगी पडली असती."

"म्हणजे माझ्या झाडांनी विष कालवलं?" मामांनी विचारलं.

"झाडांची चूक नाही, काका. गल्लीची रचना चुकलीये."

"मग रचना कापा ना!"

दोघंतिघं हसले. मामा हसले नाहीत.

बस दुसरीकडून न्या, असं तिने सुचवलं होतं. बसच्या कार्यालयाने हात वर केले. इमारतींबद्दल बोलायची सोय नव्हती, त्यात आम्हीच राहत होतो. उरली झाडं. एकाआड एक काढली तर हवा थोडी खेळेल, असं ठरलं आणि मामांना सांगायचं काम माझ्याकडे आलं, कारण दम्याचा पंप ओढणारी मुलगी माझी.

त्यांच्या घरात जाऊन मी पाण्याचं, मुलीच्या शाळेचं असलंच काहीबाही बोलत राहिले. शेवटी मामीच म्हणाल्या, "अहो, ती काय मागायला आलीये ते कळतंय ना? की तिच्या तोंडून वदवून घेणार आहात?"

मामा उठले. चुन्याचा डबा घेऊन बाहेर गेले आणि एकाआड एक बुंध्यावर फुली मारत निघाले. एकापाशी थांबून म्हणाले, "हे बेणं वाकडं वाढत होतं. काठीला बांधून सरळ केलं." त्याच्यावरही फुली मारली.

पालिकेची माणसं करवती घेऊन आली. फुल्यांची झाडं पडली आणि करवत थांबलीच नाही. मामा फुली नसलेल्या एका झाडाला पाठ लावून उभे राहिले. "याच्यावर खूण आहे का? डोळे आहेत ना तुला?"

"कडेचं सगळं मोकळं करायचा हुकूम आहे, काका," मुकादम म्हणाला. "आम्ही हुकमाचे ताबेदार. बाजूला व्हा, लागेल."

मामीच त्यांना दंडाला धरून घरात घेऊन गेल्या.

काही दिवस हवा खरंच हलकी झाली. माझी मुलगी शाळेतून धावत येऊ लागली, मी देवाला हात जोडले. मग मोकळी झालेली कड पालिकेने रस्त्याला जोडली, वाहनांची आणखी एक रांग सुरू झाली आणि उरल्यासुरल्या बसही इकडे आल्या. कॉलेजातल्या मुलीने पुन्हा मोजलं. आकडा होता तिथेच परत आला होता. झाकण उचललं आणि खालचा जाळ वाढवला, एवढंच झालं. ज्यांनी हे केलं त्यांची घरं कुठल्या मोकळ्या रस्त्यावर आहेत, देव जाणे.

मामा आता रस्त्याकडची खिडकी उघडत नाहीत. परवा दारात भेटले. मला पाहून थांबले.

"आता तरी बरी आहे ना ती?"

"हो मामा. खूपच बरी आहे."

त्याच वेळी वरून तिचा खोकला ऐकू आला, थांबेचना. मामांनी मान वर केली, थोडा वेळ ऐकलं, मग माझ्याकडे न बघता आत जाऊन दार लावून घेतलं.