विळा घेऊन फिरायला

मला पुण्याच्या प्रवासाला लावून द्यायला माय आमच्या धाड गावच्या स्टँडवर आली, तेव्हा तिच्या हातात विळा होता. कंडक्टर म्हणाला, "मावशी, विळा घेऊन गाडीत नका चढू." माय म्हणाली, "मी कुठी चालली? पोरगी चालली." गाडी हलली तशी तिनं विळ्याच्याच हातानं निरोप दिला आणि शेजारचे दोघं जण घाबरून बाजूला झाले. मी हसता हसता रडले.

तुम्ही जे धाडलाच राहिलात, त्यांना या विळ्याचं काही नवल नाही. माझ्यासारखे जे निघून गेलेत, त्यांच्यासाठी सांगते. शाळेत मी खो-खो खेळायचे. सकाळी पळण्याचा सराव हवा होता, पण मोठी झालेली पोरगी रस्त्यानं एकटी पळताना दिसली की गावाला भलताच उत्साह यायचा. म्हणून माय विळा आणि जुन्या लुगड्याचं धडपं घेऊन माझ्यासोबत निघायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बकरीले गवत आणाले चाललो." मी पुढं पळायचे, ती मागून झपाझप चालत यायची. खोटं बोलल्यासारखं नको म्हणून परतताना धडपंभर गवत खरंच आणायची. मी शाळेच्या संघात आले आणि बकरी गुबगुबीत झाली.

आता पुण्यात मी लोकांना चालायला लावायचे पैसे घेते. ऑफिसं आणि सोसायट्यांसाठी फिटनेस प्रोग्रॅम आखणं, ते चालवणं ही माझी नोकरी. वॉर्म-अप, वॉक, स्ट्रेचिंग, सगळं ठरलेलं. बायका छान शूज घालून येतात, मला मॅम म्हणतात, एकमेकींचे फोटो काढतात. इथं नुसतं चालायला कुणाला कारण लागत नाही, याचा मला पहिल्या वर्षी हेवा वाटायचा. सेशन संपलं की त्या जोडीजोडीनं चहाला जातात. मी मॅट गुंडाळते आणि खोलीवर येते. दिवसभर इतक्या माणसांना हलवते, पण संध्याकाळी माझ्याशी बोलणारं कुणी नसतं. फार एकटं वाटतं. इतकी वर्षं झाली तरी त्याची सवय झालेली नाही.

म्हणून रोज सकाळी सेशनला निघण्याआधी मायला फोन करायचे. पहिल्या रिंगला उचलायची, कारण ती घरातच असायची. मी गेल्यावर तिनं बकरी विकली आणि त्याबरोबर तिचं चालणंही सुटलं. मग शुगर निघाली. बुलडाण्याच्या डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. फोनवर मी ओरडायचे, विनवायचे. ती म्हणायची, "हाव, जातो उद्या." गेल्या हिवाळ्यात पायाच्या बोटाला झालेली जखम भरेना. बोट काढावं लागेल की काय, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा मी रजा टाकून घरी आले.

जखम कशीबशी भरली. आता ती चालली नाही तर पुन्हा तेच होणार होतं. मी माझी सगळी विद्या पणाला लावली. विहारासमोर सकाळी बायकांसाठी आरोग्य शिबिर ठेवलं, घरोघरी सांगून आले, पुण्याहून आणलेली शिट्टी गळ्यात अडकवून उभी राहिले. कुणीच आलं नाही. माझी मायसुद्धा नाही! ती दारात बसून तांदूळ निवडत होती. शेजारच्या पंचफुला काकूंना विचारलं, "काऊन नाही आल्या वो काकू?" त्या म्हणाल्या, "तू नोकरीवाली हायेस बाई. आमी हात हलवत रस्त्यानं फिरलो त लोकं म्हणतीन, यायले काही कामधंदा नाही."

पुण्याची शिट्टी मी गळ्यातून काढली. घरात येऊन छपरात खोचलेला विळा ओढला. तो गंजला होता. म्हटलं, "माय, चाल गवताले."

"बकरी कुठी हाय?"

"पंचफुला काकूची हाय ना."

माय तोंडाला पदर लावून इतकी हसली की तांदूळ सांडले. दुसऱ्या दिवशी माय आणि काकू दोघी निघाल्या, चार दिवसांनी रस्त्यावर विळेवाल्यांची रांगच लागली. आता काकूंची बकरी गुबगुबीत होणार. मी एवढंच शिकवलं की झपाझप चाला आणि मध्ये थांबू नका.

निघायच्या सकाळी स्टँडवर मी एकटीच होते. माय म्हणाली होती, चालाची वेळ हाय. गाव सुटल्यावर खिडकीतून त्या सगळ्या दिसल्या. मी हाक मारली. मायनं विळा उंच केला, पण पाय काही थांबवला नाही.

मी अजूनही रोज सकाळी त्याच वेळी फोन लावते. तिकडे तो वाजत राहतो. फोन भिंतीतल्या कोनाड्यात असतो, दाराला कडी असते, हे मला इथून दिसतं. दिवसातला माझा एकच हक्काचा माणूस होता, तोही मीच रस्त्याला लावला. कधी वाटतं, एखाद्या दिवशी तरी तिनं कंटाळा करावा, घरी राहावं, पहिल्या रिंगला "बोल वं पोरी" म्हणावं. मग माझीच मला भीती वाटते. मी शेवटपर्यंत रिंग ऐकते. कुणी उचलत नाही. म्हणजे घरी सगळं ठीक आहे.