आमच्या इथी लाईन जात नाई

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. चहा घेता घेता सांगण्यासारखीच गोष्ट आहे, पण कप खाली ठेवून ऐका.

मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात विद्युत देखभालीला आहे. सव्वीस वर्षं झाली. बिघाड कुठे आहे हे मला नुसत्या आवाजावरून कळतं, असं मी स्वतःच सगळ्यांना सांगत असतो. तर अशा माणसाच्या घरचं इंटरनेट एका सोमवारी बैलगाडीच्या चालीनं चालायला लागलं. आणि शुक्रवारी सकाळी अकराला आमच्या पल्लवीची ऑनलाइन मुलाखत. ग्राहकसेवेची नोकरी, पोरीची पहिलीच. दोन महिने तयारी करत होती बिचारी.

"बाबा, नेटच्या कंपनीले फोन लावू का?" पल्लवी म्हणाली.

"तू काऊन लावते? बाप मेला का तुया?"

मी फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाची बाई, बोलणं अगदी पुस्तकातलं. "सर, आपली लाईन चालू आहे ना?"

आता तुम्ही आमच्याकडचे असाल तर तुम्हाला सांगायला नको. आम्ही विजेला लाईन म्हणतो. वीज गेली की 'लाईन गेली', आली की 'लाईन आली'. आणि हे कुणाला विचारते ही बाई? मला?

"बाई, तुमी ऊर्जानगरात बोलून राह्यल्या. आमच्या इथी लाईन जात नाई. आमी लाईन बनवतो."

"म्हणजे लाईनमध्ये बिघाड नाही, सर?"

"अजिबात नाई."

"धन्यवाद, सर."

पाच मिनिटांत मेसेज. आपण दिलेल्या माहितीनुसार लाईन सुरळीत आहे, तक्रार बंद करण्यात आली आहे.

माझं डोकं सणकलं. मंगळवारी पुन्हा फोन, पुन्हा तोच प्रश्न. या वेळी मी मीटर घेऊनच बसलो होतो. "दोनशे बत्तीस व्होल्ट आहे, लिहून घ्या," म्हटलं. बाईंनी काय लिहून घेतलं देव जाणे, तक्रार पुन्हा बंद. मग मी घरातच उपाय सुरू केले. लोड कमी करायचा म्हणून टीव्ही बंद, बायकोचा मोबाईल बंद. मे महिन्यातल्या चंद्रपुरात कूलरसुद्धा बंद केला.

"अवो, इंटरनेट काय कूलरचं पानी पिते का?" बायकोनं पदरानं वारा घेत विचारलं.

तांत्रिक बाबी घरात बोलून उपयोग नसतो.

बुधवारी तिसरा फोन. मी स्पीकरवर टाकला, म्हटलं घरच्यांनाही कळू दे कंपनी कशी छळते. बाईंनी 'लाईन' म्हणताच मी उसळलो, आणि पल्लवीनं माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"बाबा, थे वायरच्या लाईनीचं विचारून राह्यली. करंटचं नाई."

खोटं कशाला सांगू, लाज वाटली. पल्लवीनंच मग तक्रार नीट नोंदवली आणि दुरुस्तीला माणूस शुक्रवारी येणार असं ठरलं. पण रागाला दुसरी वाट सापडली. शुक्रवारी साडेदहाला वरोऱ्याहून कंपनीचे विलासभाऊ आले, तसा मी दारातच सुरू झालो. "तुमचे लोकं काम कसं करतात, पाहून घ्या. ज्यानं हे बसवलं त्याच्यावर रिपोर्ट लिवा. मी सही करतो."

विलासभाऊ पिशवी ठेवून आत आले. खिडकीपासून टीव्हीजवळच्या इंटरनेटच्या डब्यापर्यंत वायर बघत गेले आणि कोपऱ्यात थांबले. वायर भिंतीला चिकटून सरळ आलेली, बरोबर काटकोनात वळलेली, दर वितीवर प्लास्टिकच्या पट्टीनं करकचून आवळलेली.

"भाऊ, याच्यात काचेचा धागा असते. असा दुमडला का उजेड पुढं पुरा जात नाई. हे कोनं बांधलं?"



"यायनंच त," स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. "रविवारी दिवसभर तेच चालू होतं. वायर लोंबते म्हने, शोभत नाई."

आमच्या प्लांटमध्ये तांब्याच्या केबली अशाच बसवतात हो. माझं काम बघायला साहेब लोक येतात.

"रिपोर्टवर नाव काय लिवू, भाऊ?" विलासभाऊंनी अगदी गंभीरपणे विचारलं.

त्यांनी पट्ट्या कापल्या, दुमडलेला तुकडा काढून वायर जोडली, आणि अकराला पाच कमी असताना इंटरनेट धावायला लागलं. पल्लवी आत बसली. मी दाराबाहेर, कान लावून.

पलीकडून एका साहेबांनी विचारलं, "चूक स्वतःची असूनही आरडाओरडा करणारा ग्राहक आला, तर कसा सांभाळाल?"

"सर, सोमवारपासून असा एक सांभाळते आहे," पल्लवी म्हणाली आणि पोरीनं सगळं सांगून टाकलं. व्होल्ट, कूलर, काटकोन, काही म्हणता काही सोडलं नाही.

"मग प्रश्न सुटला का?"

"इंटरनेटचा सुटला, सर. ग्राहक अजून दाराबाहेर उभा आहे."

पलीकडे तिघं-चौघं एकदम हसले. आणि काय सांगू, ते हसणं इतकं स्वच्छ ऐकू आलं, की मधे एकदासुद्धा अडकलं नाही.