पहिला काप कुणाचा

“मोठ्यातली मोठी दाखवा,” मेस्त्री म्हणाले. “आन् गार्ड काढूनच द्या. टेबलाखाली उलटी बसवणार हाय.”

मी करवतीचा खोका परत बंद केला. “गार्ड काढून मशीन देत नाही, मेस्त्री. दुसरं दुकान बघा.”

गल्ल्यावरून अण्णा, म्हणजे आमचे मालक, माझ्याकडे रोखून बघायला लागले. गिऱ्हाइकाला दुसरं दुकान दाखवणारा नोकर कुठल्या मालकाला आवडेल?

ही लोडशेडिंगच्या दिवसांतली गोष्ट. कोल्हापुरात मंगळवार पेठेजवळ आमचं पॉवर टूल्सचं दुकान होतं. विक्री आणि रिपेअर, दोन्ही माझ्याकडे. सर्क्युलर सॉ म्हणजे हातात धरून चालवायची विजेची गोल करवत. तिच्या पात्याला खालून स्प्रिंगचं झाकण असतं, तो गार्ड. पातं लाकडात शिरलं की तो मागे सरकतो, बाहेर आलं की टक्कन मिटतो. आमच्याकडच्या सुतारांना तो सवतीसारखा वाटतो. मशीन घरी नेल्या नेल्या त्याला काढतात, करवत टेबलाखाली उलटी ठोकतात आणि वर आलेल्या पात्यावर फळी ढकलतात. अशी गेलेली बोटं मी बघितली आहेत, म्हणून या विषयात माझं डोकं लवकर फिरतं.

मेस्त्री राधानगरीकडचे. सोबत त्यांची बायको होती. घराशेजारच्या शेडमध्ये दारं-खिडक्या करायच्या आणि गावोगाव जाऊन बसवायच्या, असा त्यांचा धंदा.

“घरात चालली पायजे, कामावरबी न्यायला आली पायजे,” मेस्त्री म्हणाले.

“मग टेबलाखाली ठोकून कसं जमेल? रोज काढघाल करणार?”

वहिनींनी विचारलं, “दादा, ह्यात पदर वढला जातोय काय वो?”

मला वाटलं, या फळी धरायला उभ्या राहत असतील. म्हटलं, “घट्ट खोचायचा. बांगड्याही मागे सारायच्या.”

“आन् बटण सोडलं तर?”

“लगेच मोटर बंद.”

“मग बरं हाय,” त्या म्हणाल्या.

मी दोन करवती काढल्या, एक नऊ इंची, एक सात इंची. करवत घेताना वॅटचा आकडा सगळे वाचतात. मी आधी पातं बोटांनी हलवून बघतो. ते डुगडुगलं तर बेअरिंग कच्चं. मग खालची पत्र्याची बैठक काचेवर टेकवतो. ती डुलली तर काप वाकडा जाणार. गार्ड ओढून सोडतो. तो मध्येच अडकला तर मशीन परत खोक्यात. शेवटी कार्बन ब्रशची चौकशी. मोटरला वीज पोचवणारे हे छोटे तुकडे झिजतात. ते गावात मिळत नसतील तर कितीही भारी मशीन माळ्यावर जातं.

दोन्ही पास झाल्या. दारांच्या फळ्यांना सात इंची पुरते, असं मी सांगितलं.

“नऊचीच द्या,” मेस्त्री म्हणाले. “गड्याच्या हातात शोभाय पायजे की.”

मी हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

अण्णांच्या दुकानाची एक रीत होती. मशीन पॅक करण्याआधी मागच्या शेडमध्ये नारळ फोडायचा, मशीनला कुंकू लावायचं आणि ज्याच्या हातात ते चालणार त्यानंच पहिला काप घ्यायचा. दुसऱ्यानं घेतला तर मशीन लाभत नाही, अशी त्यांची श्रद्धा. शेडमध्ये एक कॉन्ट्रॅक्टर आपलं ड्रिल दुरुस्त होण्याची वाट बघत बसला होता.

मेस्त्रींनी डाव्या हातानं प्लायवूडवर रेघ मारली. झकास रेघ होती. मग करवतीच्या मुठीवर उजवा हात ठेवला, पण बोटं मिटेनात. डाव्या हातानं त्यांनी एकेक बोट उचलून मुठीवर बसवलं. बटण काही दाबलं जाईना. कपाळावर घाम आला.

वहिनी माझ्या कानाशी पुटपुटल्या, “अंगावरनं वारं गेलंय त्यास्नी. आता हातकरवतीनं कापते मी. गावात ठावं न्हाय कुणाला. कळलं तर काम कोण देतंय?”

करवत उलटी का हवी होती तेही तेव्हा समजलं. उलटी ठोकली की बटण बांधून टाकता येतं, दाबून धरावं लागत नाही, फळी डाव्या हातानं ढकलता येते. हा माणूस बोटं घालवून बसला असता, पण काम आपण करतो म्हणाला असता.

मी हळूच बोर्डावरचं बटण बंद केलं. “लाईट गेली बघा. राहू दे मेस्त्री, मी पॅक करतो.”

मेस्त्रींनी वर बघितलं. डोक्यावर पंखा गरगर फिरत होता.

“पंखा फिरतोय की, पावणं,” ते म्हणाले.

मेस्त्रींनी करवत खाली ठेवली. कॉन्ट्रॅक्टरकडे बघितलं, मग बायकोकडे.

“सुमन, घे. कापणारी तू, मग पयला काप माझा कसा?”

“आवं, माणसं हाईत हितं.”

“असूद्यात की.” मग मला म्हणाले, “सायेब, नऊ इंची ऱ्हाऊ द्या. हिच्या हाताला बघून द्या.”

मी सात इंची दिली. पातं प्लायच्या खाली जेमतेम एक दाता उतरेल असं लावलं. वहिनींनी पदर खोचला, बांगड्या वर सारल्या. मेस्त्रींनी मशीनची वायर उचलून डाव्या खांद्यावर घेतली आणि ती पात्याखाली जाऊ नये म्हणून बायकोच्या मागे उभे राहिले. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घरी वहिनी कापत असताना रोज असेच मागे उभे राहत असणार. काप रेघेवरून सरळ गेला आणि गार्ड टक्कन मिटला. मला त्या दोघांचं फार कौतुक वाटलं.

कॉन्ट्रॅक्टरनं तुकडा उचलून कडेवर अंगठा फिरवला. “मेस्त्री, दारं करून देता काय?”

“मी आखतो,” मेस्त्री म्हणाले. “कापती ही.”

“मी दारांचं इचारतोय. कोण काय करतंय ते तुमचं तुम्ही बघा.”

मेस्त्री आणि वहिनी गेल्यावर अण्णांनी मला बोलावलं. “बोर्डाचं बटण तू बंद केलतंस?”

“व्हय, अण्णा.”

“बरं केलंस. तेवढा पंखा त्याच लायनीवर घे.”

ती करवत पुढे ब्रश बदलायला येत राहिली. घेऊन वहिनी यायच्या, गार्ड जागेवर असायचा. आता मी निवृत्त आहे, तरी लोक विचारतात, घरी आणि वर्कशॉपला चांगली करवत कुठली? मी म्हणतो, चालवणाऱ्याला घेऊन या, मग सांगतो. आणि खरंच जो चालवणार आहे, त्याला.