कुंभारवाड्याची गाडी कारवारला पास झाली

नव्वदच्या दशकाचा शेवट. मावसभाऊ पुंडलिकचं बेळगावला पत्र आलं, मोजून चार ओळी: "दादा, गाडीला पंधरा वर्षं झाली. कागद वाढवायचं तर कारवारला धुराची तपासणी हाय. तुला इंजिनातलं कळतंय. ये." इंजिनातलं कळतं, ही आमच्या नात्यागोत्यात माझी ख्याती. आग लागो त्या ख्यातीला!

बेळगावहून खानापूरमार्गे रामनगरपर्यंत बस बरी मिळते. तिथंच पोटभर खाऊन घ्या. पुढं जोयड्यापर्यंत जीप, जीपमध्ये आपण, कोंबड्या आणि तांदळाची पोती. जोयड्याहून कुंभारवाड्याची बस त्या दिवशी आलीच नाही. पुंडलिक आपली दुचाकी घेऊन न्यायला आला. आधी धूर दिसला, मग तो.

घरी मावशी ओसरीवर बसली होती. जुना दमा. धाप लागली की पुंडलिक तिला मागं बसवायचा, पंच्यानं स्वतःच्या कमरेला बांधायचा आणि जोयड्याच्या दवाखान्यात इंजेक्शनला न्यायचा. वाडीत दुसरी गाडी नव्हती.

"सुऱ्या, गाडी पास करून दे बाबा," मावशी म्हणाली. "न्हाईतर मला खांद्यावरनंच न्यायला लागंल. तेला चौघं लागत्यात." आणि स्वतःच हसली, खोकला येईपर्यंत.

"नवी का घेत नाहीस?" मी पुंडलिकला विचारलं.

"कुठली घेऊ? धुराचं नवं नियम आलं आन् कंपनीनं ही टू-स्ट्रोक काढायचीच बंद केली. बेळगावात फोर-स्ट्रोकला नंबर लावून महिनं काढायचं. मधल्या दिसांत आईला धाप लागली तर?"

ही तरी कुठं सहज मिळालेली! परवान्यांच्या काळात कारखान्यानं गाड्या किती काढायच्या तेही सरकार ठरवायचं. काकांनी, म्हणजे पुंडलिकच्या वडिलांनी, हौसेनं नंबर लावला, गाडी दारात आली तेव्हा काका राहिले नव्हते.

गाडी एवढा धूर का ओकते ते मला टाकी भरतानाच कळलं. टू-स्ट्रोकला पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. पुंडलिक मापात ओतून वर आणखी एक टोपण ओतायचा. "हे घाटाचं," म्हणायचा. तिकडं सगळेच असं करायचे. अणशीचा घाट चढायचा तर इंजिनाला जास्तीचं तूप नको का?

मग मी शहाणपणा शिकवला. कारवारला पोचल्यावर टाकी रिकामी करायची, तपासणीपुरतं नुसतं पेट्रोल घालायचं, पास झालं की लगेच ऑइल.

पहाटे निघालो. अणशीचं जंगल, मग कद्र्यापर्यंत नुसता उतार. रस्ता अरुंद, वळणावर हॉर्न वाजवाच. कारवारला ठरल्याप्रमाणे केलं. नळीतून धूर निघेना. तपासणाऱ्यानं पुन्हा एकदा वाकून बघितलं आणि शिक्का मारला. पुंडलिकनं मला रस्त्यातच मिठी मारली. बांगड्याचं कालवण आणि भात, हो, तिथं जेवण झकास मिळतं. मी खुशीत म्हणालो, "आता मी चालवतो."

घाटात, निम्म्या चढावर, इंजिन किंचाळलं आणि मागचं चाक जागीच आवळलं. आम्ही पडता पडता वाचलो. पिस्टन जाम. पुंडलिकनं टाकीचं झाकण उघडून वास घेतला.

"दादा, ऑइल?"

बाटली माझ्या पिशवीत होती. भरलेली. त्यानं झाकण परत लावलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. लाकडाच्या ट्रकनं आम्हाला गाडीसकट कुंभारवाड्याला सोडलं.

बेळगावला येऊन मी पिस्टनसाठी दुकानं पालथी घातली. "ती गाडी बंद झाली हो, तिचे पार्ट येत नाहीत आता," सगळीकडं हेच. शेवटी एका भंगारवाल्याकडं जुना सापडला. पिशवीत घालून बसनं निघालो. जीव हलका झाला होता.

अंगणात माणसं बसलेली दिसली. दोन दिवसांपूर्वी मावशीला धाप लागली होती. जीप जोयड्याहून यायची होती, ती यायच्या आत वाडीतल्या चौघांनी मावशीला खुर्चीत बसवून उचललं होतं. दवाखाना लांबच राहिला.

"चौघं लागली बग," पुंडलिक एवढंच म्हणाला.

कोणी विचारतं, अणशीला कधी जावं? पावसाळा संपल्यावर जा, जंगल फार सुंदर असतं. मी पुन्हा गेलो नाही. पिस्टन अजून माझ्या कपाटात आहे, पुंडलिकनं तो घेतलाच नाही. गाडी गोठ्यात उभी राहिली. कागद मात्र वाढवून मिळाले होते, पुरत्या पाच वर्षांचे.